आयजीएफ-१ चा कॅन्सर पेशींवरचा परिणाम बघायचाय? आधी पेशी उपाशी ठेवा

गाईडनी सांगितलंय की "कॅन्सर सेल लाईनवर ग्रोथ फॅक्टरचा इफेक्ट बघ", आणि तुम्ही विचार करताय की यात काय आहे, पेशी लावायच्या, हॉर्मोन टाकायचं, तीन दिवसांनी एमटीटी (रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज देणारी चाचणी) करायचं, ग्राफ वर गेला की झालं. करून बघा. बहुतेक वेळा ग्राफ वर जातच नाही, कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्ही बार शेजारी शेजारी सारखेच उभे राहतात, आणि मग हॉर्मोनची व्हायल खराब आली असं म्हणून कंपनीला मेल जातो. व्हायल ठीक असते हो. गडबड मीडियामध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात असते, आणि हा सगळा लेख मुख्यतः त्याच गडबडीबद्दल आहे.

मी इथे उदाहरण घेतोय आयजीएफ-१ आणि एमसीएफ-७ या जोडीचं. आयजीएफ-१ म्हणजे इन्सुलिनसारखा दिसणारा ग्रोथ फॅक्टर, ७० अमिनो आम्लांचा छोटासा प्रोटीन, वजन साधारण ७.६ किलोडाल्टन. पिट्युटरीतून ग्रोथ हॉर्मोन सुटतं, ते लिव्हरला जाऊन सांगतं, आणि लिव्हर आयजीएफ-१ बनवून रक्तात सोडतं, म्हणून हा हॉर्मोनही आहे आणि ग्रोथ फॅक्टरही. १९५७ मध्ये सॅल्मन आणि डॉहडे यांनी दाखवलं की ग्रोथ हॉर्मोन कार्टिलेजवर थेट काम करत नाही, मध्ये सीरममधलं काहीतरी आहे, आणि १९७८ मध्ये रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी त्या 'काहीतरी'चा पूर्ण सिक्वेन्स काढला. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरची सेल लाईन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी), डेट्रॉईटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका ननच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून वाढवलेली, १९७३ ला पेपर आला, आणि तेव्हापासून जगभर याच पेशींवर लोक पीएचड्या करतायत. यांच्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर (हॉर्मोन ज्याला चिकटतं ते प्रोटीन) आहे, आयजीएफ-१ चा रिसेप्टर भरपूर आहे, आणि त्या आयजीएफ-१ ला छान प्रतिसाद देतात. एमडीए-एमबी-२३१ ही स्तनाच्या कॅन्सरचीच दुसरी लाईन घेतलीत तर वाढीत फारसा फरक दिसत नाही, तेव्हा पहिल्या प्रोजेक्टला ती घेऊन डोक्याला ताप करून घेऊ नका, निगेटिव्ह तुलनेसाठी मात्र ती उत्तम.

पेशी कुठून घ्यायच्या? महाराष्ट्रात असाल तर सरळ पुण्याच्या एनसीसीएसकडून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स), विद्यापीठाच्या आवारात आहे, त्यांची सेल रिपॉझिटरी देशभर पेशी पुरवते. शेजारच्या लॅबमधून "एक फ्लास्क दे ना" म्हणून आणलेल्या पेशींवर थीसिस उभा करू नका. हे भीती घालायला म्हणत नाहीये. एमडीए-एमबी-४३५ ही लाईन वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि नंतर कळलं की ती एम१४ नावाच्या मेलानोमाची आहे, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरची. हेला नावाच्या पेशींनी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून किती लाईन्स गिळल्या ते तर विचारूच नका. एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून ओळख) मागा, आणि पेशी आल्या की मायकोप्लाझ्मा या छोट्या जिवाणूची पीसीआर करा. मायकोप्लाझ्मा डोळ्याला दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त सगळे रिझल्ट हळूहळू वेडेवाकडे होतात, आणि मेटाबॉलिझमवर आधारलेली एमटीटी तर सगळ्यात आधी बिघडते.

आता मुख्य मुद्दा. एमसीएफ-७ चा नेहमीचा मीडिया काय असतो? ईएमईएम किंवा डीएमईएम हे तयार द्रव, त्यात १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम), आणि बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये वरून मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन. आता एकेक बघा. एफबीएसमध्ये गाईचा आयजीएफ-१ असतोच, आणि गाईच्या आणि माणसाच्या आयजीएफ-१ चा सिक्वेन्स अगदी एकच आहे, एका अमिनो आम्लाचाही फरक नाही, त्यामुळे तुमच्या पेशींना तो परका वाटतच नाही. इन्सुलिन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण १.७ मायक्रोमोलर, आणि एवढ्या डोसला इन्सुलिन आपल्या रिसेप्टरवर थांबत नाही, आयजीएफ-१ च्या रिसेप्टरलाही जाऊन चिकटतं आणि तो चालू करून टाकतं. तुम्ही टाकणार आहात मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम आयजीएफ-१, म्हणजे साधारण १३ नॅनोमोलर. पोटभर जेवून उठलेल्या माणसाला पुरणपोळी वाढली आणि त्याने खाल्ली नाही तर दोष पोळीचा नाही ना.

तिसरा चोर म्हणजे फिनॉल रेड. मीडियाला गुलाबी रंग देणारा हा डाय इस्ट्रोजेनसारखा थोडासा वागतो, १९८६ मध्ये हे एमसीएफ-७ वरच दाखवलं गेलं. आणि इस्ट्रोजेन एमसीएफ-७ मध्ये आयजीएफ-१ चा रिसेप्टर आणि त्याच्या खालचा, सिग्नल पुढे नेणारा आयआरएस-१ दोन्ही वाढवतं, म्हणजे दोन हॉर्मोन्स एकमेकांना हात देतात. तुम्हाला फक्त आयजीएफ-१ चा परिणाम बघायचा असेल तर फिनॉल रेड नसलेला मीडिया घ्या, आणि जिथे सीरम लागणारच असेल तिथे चारकोल-स्ट्रिप्ड सीरम. पण एक लक्षात ठेवा, चारकोलने स्टेरॉइड हॉर्मोन्स जातात, आयजीएफ-१ सारखे प्रोटीन पूर्ण जातील याची काही गॅरंटी नाही. म्हणून शेवटी उपाय एकच, ट्रीटमेंटच्या वेळी सीरम शून्य.

तर असं करायचं. पेशी नेहमीच्या मीडियात वाढवा, ७०-८० टक्के भरल्या की ट्रिप्सिन लावून काढा. एमसीएफ-७ चे गठ्ठे होतात, हे त्यांचं नेहमीचंच नाटक आहे, ट्रिप्सिन नीट लागलं नाही आणि पिपेटने हळूहळू वरखाली करून सुट्या केल्या नाहीत तर एका वेलमध्ये (प्लेटच्या खड्ड्यात) शंभर आणि शेजारच्यात पाचशे अशी अवस्था होते आणि मग एरर बार बारपेक्षा उंच. हिमोसायटोमीटर या पेशी मोजायच्या काचेवर ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा डाय) टाकून मोजा, ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलला साधारण ५००० पेशी, नेहमीच्याच सीरमवाल्या मीडियात. कडेच्या वेल्समध्ये पेशी लावू नका, तिथे बाष्पीभवन जास्त होतं, नुसतं पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) भरून ठेवा. आणि एक जास्तीची प्लेट लावा, तिला नाव द्या 'दिवस शून्य', ती कशाला ते पुढे सांगतो, पण लावाच.

२४ तास पेशींना चिकटू द्या. ट्रिप्सिन पेशीच्या बाहेरचे प्रोटीन कुरतडतं, त्यामुळे हा वेळ चिकटण्यासाठीच नाही तर रिसेप्टर परत नीट उभे राहण्यासाठीही लागतो. मग मीडिया काढा, कोमट पीबीएसने दोनदा धुवा, हळू, वेलच्या भिंतीवरून सोडा, थेट पेशींवर धार मारलीत तर त्या उठून येतात. आता फिनॉल रेड नसलेला, सीरम नसलेला मीडिया, त्यात ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन). १६ ते २४ तास. याला स्टार्व्हेशन म्हणतात आणि एक्सपेरिमेंटचा सगळा जीव यात आहे. एकदाच धुऊन चालेल का असं विचारतात सगळे. नाही चालणार, तळाशी राहिलेलं सीरम पुरतं सगळं बिघडवायला.

आता हॉर्मोन. आयजीएफ-१ पावडर स्वरूपात येतो. व्हायल उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक छोटा स्पिन द्या, पावडर झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताना अर्धी उडून जाते. काय घालून विरघळवायची ते कंपनीच्या शीटवर असतं, कोणी पाणी सांगतं, कोणी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, तेच पाळा. १०० मायक्रोग्रॅमची व्हायल १ मिलिलिटरमध्ये केलीत तर स्टॉक मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. त्यात ०.१ टक्के बीएसए घाला कारण एवढं कमी प्रोटीन प्लास्टिकला चिकटून गायब होतं, तुम्ही समजताय १ नॅनोग्रॅम दिला आणि अर्धा ट्यूबच्या भिंतीवर. १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा, एकदा काढलेला भाग परत गोठवायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि महिन्याच्या शेवटी व्हायल संपत आली की सगळेच मोडतात.

पातळ करताना थेट स्टॉकमधून १ मायक्रोलिटर उचलू नका, पिपेट तिथे खोटं बोलतं. १० मायक्रोलिटर स्टॉक आणि ९९० मायक्रोलिटर स्टार्व्हेशन मीडिया, झाला मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. यातले २०० मायक्रोलिटर अधिक १८०० मीडिया म्हणजे मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. त्यातले २०० अधिक १८०० म्हणजे १०. परत तसंच केलं की १. प्रत्येक वेळी टिप बदला आणि ट्यूब उलटसुलट करून मिसळा, व्होर्टेक्स जोरात नको, फेस झाला की प्रोटीनची वाट लागते. वेलमधला जुना मीडिया काढून हे १०० मायक्रोलिटर घाला. कंट्रोलच्या वेल्समध्ये नुसता मीडिया नाही घालायचा, त्यात स्टॉक ज्यात विरघळवला तेच द्रव, तेवढंच पातळ केलेलं घालायचं, बीएसए धरून. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वापरलं असेल तर हे फारच महत्त्वाचं.

कंट्रोल अजून दोन हवेत. एक १० टक्के सीरमवाला, म्हणजे पेशी जिवंत आहेत आणि वाढू शकतात हे कळतं. दुसरा, आयजीएफ-१ अधिक रिसेप्टरचा इनहिबिटर, त्याबद्दल खाली.

७२ तासांनी एमटीटी. मोसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत, अजून चालते आणि स्वस्त आहे. पीबीएसमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असा स्टॉक, फिल्टर करून, अंधारात. वेलला १० मायक्रोलिटर, म्हणजे आत मिलिलिटरला साधारण ०.५ मिलिग्रॅम होतं. ३-४ तास इनक्युबेटरमध्ये, जांभळे स्फटिक मायक्रोस्कोपखाली सुयांसारखे दिसायला लागतात. मग द्रव काळजीपूर्वक काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ (स्फटिक विरघळवणारं द्रव), दहा मिनिटं हलवा, ५७० नॅनोमीटरला रीडिंग. पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग वजा करायला विसरू नका.

आणि इथे बहुतेक थीसिस घसरतात. एमटीटी पेशी मोजत नाही हो! ती पेशींतल्या एन्झाइम्सची कामगिरी मोजते, आणि आयजीएफ-१ हा इन्सुलिनचा भाऊबंद, तो पेशीचा मेटाबॉलिझमच वाढवतो. म्हणजे पेशी तितक्याच राहिल्या आणि प्रत्येक पेशी जास्त जोरात काम करायला लागली तरी रंग गडद. म्हणून एक तरी सेट ट्रिप्सिनने काढून हिमोसायटोमीटरवर मोजाच, किंवा क्रिस्टल व्हायोलेटने चिकटलेल्या पेशी रंगवा, किंवा डीएनए बनतोय का ते बघायला बीआरडीयू किंवा ईडीयू. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच गोष्ट दिसली तर व्हायवामध्ये कोणी वाकडा प्रश्न विचारला तरी तुम्ही निवांत.

आता ती 'दिवस शून्य' प्लेट. हॉर्मोन टाकता त्याच क्षणी तिचं एमटीटी करून टाका. का ते आकड्यात बघू. समजा दिवस शून्यला रीडिंग ०.४० आलं. ७२ तासांनी कंट्रोल ०.३० आणि आयजीएफ-१ दिलेला ०.४२. फक्त शेवटचे दोन आकडे बघितलेत तर तुम्ही लिहाल की आयजीएफ-१ ने वाढ ४० टक्क्यांनी वाढली. पण दिवस शून्य शेजारी ठेवा, पेशी वाढल्याच नाहीत, कंट्रोलमधल्या उपासमारीने मेल्या आणि आयजीएफ-१ वाल्या जगल्या, एवढंच. वाढ आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आयजीएफ-१ दोन्ही करतो, किंबहुना कॅन्सरच्या बाबतीत जीव वाचवण्याचं काम जास्त त्रासदायक, कारण त्यामुळे केमोथेरपी दिली तरी पेशी तग धरतात. हे बघायचं असेल तर डॉक्सोरुबिसिन एकटं आणि डॉक्सोरुबिसिन अधिक आयजीएफ-१ असे दोन गट ठेवा, माझ्या मते प्रोजेक्टमधला सगळ्यात वाचनीय ग्राफ तोच होईल.

पेशी मरण्याचा पुरावा दाखवताना एक खड्डा आहे. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ (पेशी मरताना प्रोटीन तोडणारं एन्झाइम) नाहीच, त्या जीनमध्ये ४७ बेसचा तुकडा उडालेला आहे. दर वर्षी कोणीतरी क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ ची महागडी अँटिबॉडी मागवतं आणि बँड येत नाही म्हणून आठवडाभर ब्लॉट करत बसतं. अ‍ॅनेक्सिन व्ही (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रोटीन) करा, किंवा पीएआरपी या प्रोटीनचा तुटलेला तुकडा बघा, ते काम कॅस्पेज-७ करून देतो.

आता आत काय होतं ते दाखवायचं, म्हणजे वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन वजनानुसार वेगळे करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत). आयजीएफ-१ बाहेरून रिसेप्टरला चिकटतो, रिसेप्टरचे आतले हात एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतात, मग आयआरएस-१ येऊन बसतो, तिथून एक वाट पीआय३के आणि एकेटीकडे जाते, ती मुख्यतः जगण्याची, आणि दुसरी रास मार्गे ईआरकेकडे, ती मुख्यतः विभाजनाची. वेळ फार कमी असतो. हे सगळं ५ ते १५ मिनिटांत पेटतं. ९६ वेलची प्लेट इथे उपयोगाची नाही, ६ वेलची घ्या, त्याच पद्धतीने उपाशी ठेवा, आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं असे वेळ ठेवा, डोस १०० नॅनोग्रॅम. युक्ती अशी की हॉर्मोन उलट्या क्रमाने टाकायचं, ६० मिनिटवाल्या वेलला सगळ्यात आधी, ५ वाल्याला सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्या पेशी एकाच क्षणी फोडता येतात. शून्य मिनिटाच्या वेलमध्येही हॉर्मोन नसलेला कंट्रोलचा मीडिया टाका, कारण प्लेट हलवणं आणि मीडिया बदलणं यानेसुद्धा ईआरके थोडा पेटतो.

वेळ झाली की प्लेट थेट बर्फावर, थंड पीबीएसने एक धुणं, आणि लगेच लायसिस बफर, त्यात प्रोटीएज इनहिबिटर आणि फॉस्फटेज इनहिबिटर दोन्ही ताजे घातलेले. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड नसेल तर पेशीतले फॉस्फटेज तुमच्या डोळ्यांदेखत फॉस्फेट काढून टाकतात आणि तुम्हाला कोरा ब्लॉट मिळतो. स्क्रेपरने खरवडून काढा, ट्रिप्सिन बिलकूल नाही. बीसीएने प्रोटीन मोजून प्रत्येक लेनला सारखं, २०-३० मायक्रोग्रॅम. ब्लॉकिंगला दूध नको, बीएसए घ्या, दुधात केसीन असतं आणि ते स्वतःच फॉस्फेट लावलेलं प्रोटीन आहे, फॉस्फो अँटिबॉडीला बॅकग्राउंड येतं.

बघायचं काय? फॉस्फो-एकेटी सेरीन ४७३, ६० किलोडाल्टनच्या आसपास. फॉस्फो-ईआरके, ४२ आणि ४४ चे दोन बँड. जमलं तर रिसेप्टरचा बीटा भाग, ९५ च्या जवळ. प्रत्येक फॉस्फोच्या खाली त्याच प्रोटीनचा टोटल बँड हवाच, फक्त अ‍ॅक्टिन दाखवून चालत नाही, कारण फॉस्फो वाढलं की मुळात प्रोटीनच वाढलं हा प्रश्न उरतो. आणि शून्य मिनिटाला फॉस्फो-एकेटी थोडा दिसला तर घाबरू नका, एमसीएफ-७ मध्ये पीआय३केचं म्युटेशन आहे, त्यामुळे ही वाट उपाशीपोटीही अर्धवट उघडी असते. बऱ्याचदा एकेटीपेक्षा ईआरकेचा सिग्नल लवकर उतरतो, एकेटी जास्त वेळ टिकतो, तुमच्याकडे उलटं आलं तर परत करून बघा, तेच आलं तर तेच लिहा.

इनहिबिटरचा भाग गाळू नका. हॉर्मोन टाकून काहीतरी झालं हे दाखवणं सोपं, ते त्याच रिसेप्टरमधून झालं हे दाखवणं म्हणजे खरं काम. पीआय३केसाठी एलवाय२९४००२ साधारण १० ते २० मायक्रोमोलर, ईआरकेच्या आधीच्या एमईकेसाठी यू०१२६ १० मायक्रोमोलर, आयजीएफ-१ च्या आधी अर्धा ते एक तास. रिसेप्टरसाठी लिन्सिटिनिब मिळतं, पण ते इन्सुलिन रिसेप्टरलाही बंद करतं, तेव्हा त्याच्या जोरावर "फक्त आयजीएफ-१ रिसेप्टर" असं वाक्य लिहू नका. सगळ्या वेल्समध्ये डीएमएसओ सारखं, ०.१ टक्क्याच्या वर नाही, आणि फक्त इनहिबिटर दिलेला गटही हवा, तो स्वतःच पेशी मारत असेल तर तुमची गोष्ट तिथेच संपली.

डोस वाढवूनही परिणाम कमी येत असेल तर आयजीएफबीपी आठवा. पेशी स्वतः हे बाइंडिंग प्रोटीन बाहेर सोडतात, एकूण सहा प्रकारचे, आणि ते तुमचा आयजीएफ-१ मधल्या मध्ये पकडून ठेवतात. रक्तातही असंच असतं, मोकळा आयजीएफ-१ अगदी थोडा. यावर उपाय म्हणजे लाँग आर३ आयजीएफ-१, ८३ अमिनो आम्लांचं बदललेलं रूप, ते या प्रोटीनांच्या हाती सहसा लागत नाही. दोन्ही शेजारी लावून बघा, फरक दिसला तर तो फरक म्हणजे बाइंडिंग प्रोटीनचा हिशोब. जाता जाता, हेच लाँग आर३ जिमच्या पोरांना मसल्ससाठी ऑनलाइन विकलं जातं, 'फक्त संशोधनासाठी' असं लेबल लावून. लॅबमधली व्हायल कोणी मित्र मागत असेल तर सरळ नाही म्हणा, ती टोचायच्या दर्जाची नसते, आणि आयजीएफ-१ खेळाडूंना वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) बंदी घातलेल्या यादीत आहे.

स्क्रॅच अ‍ॅसे करायची सगळ्यांना हौस असते कारण फोटो छान येतात. टिपने रेघ ओढायची आणि २४ तासांत ती किती भरली ते बघायचं. पण वाढणाऱ्या पेशींनीही रेघ भरते, म्हणून आधी दोन तास मायटोमायसिन सी देऊन विभाजन बंद करा, नाहीतर 'मायग्रेशन' (पेशींचं सरकणं) हा शब्द खोडा. एमसीएफ-७ तशा चालायला आळशी आहेत, इथे फार अपेक्षा ठेवू नका. मॅट्रिजेलमध्ये (पेशी आत वाढवायचं प्रोटीनचं जेल) थ्रीडी करणार असाल तर साध्या मॅट्रिजेलमध्ये आधीच आयजीएफ-१ असतो, म्हणजे परत तीच पुरणपोळी, ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं मागवा.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. एका प्लेटमधले सहा वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर सहा नाही, एन बरोबर एक. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवलेल्या पिढीच्या) पेशींवर, नव्याने पातळ केलेल्या हॉर्मोनने तीनदा केलं की एन बरोबर तीन. यावर वाद घालणारे सीनियर भेटतील, ऐकून घ्या आणि तीनदा करा.

ग्रोथ फॅक्टर म्हटलं की पेशी वाढणारच हे डोक्यातून काढा. ए४३१ नावाच्या पेशींवर ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर अफाट प्रमाणात असतो आणि त्यांना भरपूर ईजीएफ दिला तर त्यांची वाढ चक्क थांबते, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. म्हणून एकच डोस देऊन निष्कर्ष काढू नका, डोसची रांग लावा आणि वक्र कसा येतो तो बघा.

डिस्कशन लिहिताना हात आखडता घ्या. "म्हणून आयजीएफ-१ रोखल्यास कॅन्सर बरा होईल" हे वाक्य प्लेटवरून निघत नाही. ते वाक्य मोठमोठ्या कंपन्यांनी खरं मानून बघितलं होतं. फिगिटुमुमॅब ही रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी फुप्फुसाच्या कॅन्सरवर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली आणि तिथे पडली, फायदा झाला नाहीच, उलट नुकसान दिसलं. पेशींना एक वाट बंद केली की त्या इन्सुलिन रिसेप्टरची वाट धरतात, शरीर ग्रोथ हॉर्मोन वाढवून भरपाई करतं, साखर वाढते. गंमत म्हणजे याच जातीची टेप्रोटुमुमॅब, जी आधी कॅन्सरसाठी तपासली जात होती, तिला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली ती थायरॉइडमुळे डोळे बाहेर येतात त्या आजारासाठी. दुसऱ्या बाजूला लारॉन सिंड्रोम असलेले लोक, ज्यांच्यात ग्रोथ हॉर्मोनचा रिसेप्टरच बिघडलेला असतो आणि आयजीएफ-१ जन्मापासून फार कमी, त्यांच्यात कॅन्सर अगदी क्वचित सापडतो, इक्वाडोरमधल्या अशा कुटुंबांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहा. जन्मभर कमी आयजीएफ-१ असणं वेगळं आणि झालेल्या गाठीला मध्येच तो तोडणं वेगळं.

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे "तुम्ही दिलेला डोस शरीरात असतो का?" उत्तर तयार ठेवा. मोठ्या माणसाच्या रक्तात आयजीएफ-१ साधारण मिलिलिटरला १०० ते ३०० नॅनोग्रॅम असतो, म्हणजे आकडा जुळतो असं वाटतं, पण तिथला जवळपास सगळा बाइंडिंग प्रोटीनने धरलेला आणि तुमच्या वेलमधला बराचसा मोकळा, तेव्हा १०० नॅनोग्रॅम हा खरं तर जास्तच डोस आहे आणि म्हणूनच तुम्ही १ आणि १० सुद्धा लावले होते, हे सांगा आणि वक्राची स्लाइड दाखवा.